मालगुजारीच्या भुईवरील मळा

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत गावचा वसूल करून सरकारात भरणा करणे एवढेच ज्यांचे काम होते, अशा पाटलांना इंग्रजांनी १८६० च्या दशकातील बंदोबस्तात मालगुजार ठरवून जमिनीची मालकीच बहाल केली, आणि पिढ्यानपिढ्या कसणारी रयत बहुतांशी त्यांची कुळे होऊन बसली. वर्ध्यापासून सुमारे पाच मैलांवरचे सेगाव हे अशाच मालगुजारीचे एक गाव. त्याचे मालगुजार शेठ जमनालाल बजाज. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी येथे राहावयास आले तेव्हा गावाला धड रस्ताही नव्हता, आणि हिवताप तर घरोघरचा. शेगावच्या नावाशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने १९४० साली गावाचे सेवाग्राम झाले.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी बुनियादी शिक्षणाची, म्हणजेच नयी तालीमची, जी योजना आखली, तिच्या मूलोद्योगांत सूतकताईच्या जोडीला फळभाज्यांची बागाईतही होती. आणि आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामच्या शाळेत ती प्रत्यक्षात उतरविली. उद्योगातूनच इतर विषय शिकविण्याचा ‘समवाय’ म्हणजे काय हे शिक्षणशास्त्राच्या पोथीपेक्षा वांग्याच्या वाफ्यापाशी चटकन समजते: वाफ्याच्या लांबीरुंदीवरून क्षेत्रफळ काढावे, रोपांमधील अंतर घालून त्यांची संख्या ठरवावी, तोडलेला माल तोलून वहीत नोंदवावा, आणि तीच भाजी मुलांनीच चालविलेल्या स्वयंपाकघरात न्यावी. पाटीवरचे उदाहरण दुपारी पानात पडत असे. गावसफाईतून आणि चराच्या संडासांतून होणारे सोनखत याच मळ्यात जाई. आणि ज्या कामाचा सगळा बोजा जातीने काही मोजक्या लोकांच्या माथी मारला होता, ते काम सर्व जातींच्या मुलांनी करावे, हा माझ्या मते त्या साऱ्या खटाटोपातला सर्वांत धाडसी भाग होय. भाजी तर कोठेही पिकते.

सर्वांनीच मान डोलावली असे मात्र झाले नाही. मुलांच्या कमाईतून शाळेचा खर्च भागावा, या कल्पनेला अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच हरकत घेतली होती, आणि उत्पन्नाच्या हव्यासापायी शिक्षण मागे पडण्याचा धोका खुद्द समितीच्या अहवालातही नमूद आहे. ती भीती अनाठायी नव्हती. शिक्षकाचे लक्ष मुलावरून ढळून तागडीवर गेले की मळ्याचा मजूरखाना होण्यास कितीसा उशीर?

मालगुजारी १९५१ मध्ये कायद्याने संपली, आणि पुढे सरकारी व्यवस्थेत बुनियादी शाळाही ‘उद्योगाचा तास’ होऊन आक्रसत गेल्या. सेवाग्रामात मात्र २००५ साली नयी तालीम समितीने ‘आनंद निकेतन’ शाळा सुरू केली. तेथील मुले बागकाम करतात, आणि त्याचा हिशेबही ठेवतात.