दहा मिनिटांचा उपचार, एका दिवसाची रोजी

गर्भाशयाच्या तोंडाच्या रोगाविषयी भर सभेत बोलावे, आणि तेही कामगार चळवळीतल्या माणसाने, हे काही श्रोत्यांना अवघड वाटेल. परंतु अमरावती-अकोल्याकडील जीनमध्ये कापसाच्या टोपल्या उचलणाऱ्या बायांच्या सभा आम्ही वर्षानुवर्षे घेत आलो आहोत. अंगावरून पांढरे जाते, ही तक्रार त्या अंगावरच काढतात. कारण दवाखान्याचा दिवस म्हणजे बुडालेली रोजी. म्हणून या उपचाराचा इतिहास जितका वैद्यकाचा, तितकाच मजुरीचाही आहे, असे आम्ही मानतो.

हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. त्याच्या मुळाशी एक विषाणू असतो, हे जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ च्या सुमारास दाखविले; त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू शरीरात टिकून राहिला, तर गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बिघडत जातात, आणि त्या बिघाडाचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या काळात बाईला काहीच दुखत-खुपत नाही. न्यूयॉर्कमधील ग्रीक डॉक्टर पापानिकोलाऊ यांनी १९४१ साली सहकारी ट्राउट यांच्यासह दाखवून दिले, की तेथील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास हा बिघाड आधीच ओळखता येतो.

ओळखला, पण काढायचा कसा? पूर्वी पूर्ण भूल देऊन सुरीने शंकूच्या आकाराचा तुकडा कापीत, नाहीतर गर्भाशयच काढून टाकीत. पुढे अतिथंड धातूची कांडी टेकवून पेशी गोठविण्याची रीत आली. त्यानंतर फ्रान्समध्ये कार्तिए यांनी विजेच्या तारेचे लहान कडे वापरले आणि इंग्लंडातील ब्रिस्टल येथे प्रेंडिव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली मोठ्या कड्याची पद्धत मांडली. प्रथम सौम्य शिरकाम्ल लावतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. जागा बधिर करतात, आणि तारेने तेवढाच पापुद्रा कापून तपासणीस पाठवितात. दहा-पंधरा मिनिटांचे काम. बाई त्याच दिवशी घरी जाते. काही आठवडे जड ओझे टाळावे लागते आणि पुढे पुन्हा तपासून घ्यावे लागते, एवढेच. मात्र कर्करोग एकदा रुजल्यावर एवढ्याने भागत नाही.

अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग ही आपल्याकडील बायकांची जुनी रुग्णालये. बायकांना बायकांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी, या हेतूने लेडी डफरीन यांचा निधी १८८५ साली उभा राहिला. त्या काळाच्या मानाने पाऊल मोठे होते. पण रुग्णालय वाट पाहते ती दुखणाऱ्या बाईची. जिला दुखतच नाही, तिने रोजी बुडवून का यावे?

याचे उत्तर वऱ्हाडाबाहेर, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने शोधले. टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साहाय्याने १९९९ साली त्यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील गावांत काम आरंभिले. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया, चार गट. ज्यांच्यात बिघाड आढळला त्यांच्यावर गोठविण्याचा किंवा तारेच्या कड्याचा उपचार झाला. २००९ साली निष्कर्ष आले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या रोगाने दगावल्या; चाचणी न मिळालेल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले! मुंबईच्या झोपडवस्त्यांत दहावी शिकलेल्या मुलींना चार आठवडे शिकवून शिरकाम्लाची तपासणी करविली, तेथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

त्या ६४ जणींचा विचार मात्र मनातून जात नाही. तुलनेसाठी एका गटाला चाचणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती आम्हाला रास्त वाटते. त्यांच्या मरणातून जे सिद्ध झाले, ते अमलात न आणणे हा त्याहून मोठा अपराध होय.

अमलात न आणल्यास काय होते, ते बीडने दाखविले. तेथील ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, हे २०१९ साली उघड झाले. कित्येकींना कर्करोगाची भीती घातली गेली होती. शिवाय पाळीमुळे कामावर न गेल्यास मुकादमाचा खाडा ठरलेला. तेव्हा पिशवीच नको, असे बाईला वाटले तर नवल ते काय! जेथे दहा मिनिटांचा उपचार पोचत नाही, तेथे अशी सुरी पोचते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली उद्दिष्ट ठरविले, की शंभरांतील सत्तर स्त्रियांची ३५ व्या आणि ४५ व्या वर्षी तपासणी व्हावी, आणि बिघाड आढळलेल्या शंभरांतील नव्वदांना उपचार मिळावा. आमची मागणी त्याहून साधी आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक मजूर बाईला तपासणीचा एक दिवस आणि उपचाराचा एक दिवस भरपगारी मिळावा. तपासणी जीनच्या आवारात किंवा गावात व्हावी. आणि उपचार तालुक्याच्या ठिकाणीच मिळावा. मालकाला हे दोन दिवस जड नाहीत. या सभेतून घरी गेल्यावर आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला तेवढी सुट्टी, रोजी न कापता, आपण द्याल काय, एवढेच आम्ही विचारतो.