आलापल्ली, २४ बाइट आणि एक अटॅचमेंट

ऑगस्ट १९८२ मध्ये दोन गोष्टी झाल्या. २६ तारखेला चंद्रपूरमधून फुटून गडचिरोली जिल्हा झाला, आणि त्याच महिन्यात जॉन पोस्टेलने मेल पोचवण्याचे नियम, म्हणजे आरएफसी ८२१, लिहून काढले. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण आलापल्लीचा माझा एक मित्र दर आठवड्याला जंगलाचे फोटो मेल करतो, आणि ते आपोआप सेव्ह करणारी स्क्रिप्ट लिहिताना मला दोन्ही एकदमच भेटल्या.

पोस्टेलची मेल म्हणजे ७ बिटांची इंग्रजी अक्षरं. फोटो सोडाच, 'आलापल्ली' लिहायचीही सोय नव्हती! मग लोक काय करायचे? मेरी ॲन हॉर्टनच्या १९८०च्या यूयूएन्कोडने फाइलची अक्षरं करून ती मजकुरातच चिकटवायचे. पलीकडच्याने ती कापून घ्यायची.

१९९२ साली नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम आणलं. मेलचे तुकडे करायचे, मध्ये सीमारेषा आखायची आणि प्रत्येक तुकड्यावर 'हे चित्र', 'हा मजकूर' अशी चिठ्ठी लावायची. चित्राचं बेस६४ करायचं, म्हणजे ३ बाइटची ४ अक्षरं. म्हणून ३ एमबीचा फोटो मेलमधून जाताना ४ एमबीचा होतो. लाईन रडत असेल तर हे चांगलंच जाणवतं.

'आलापल्ली' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट, बेस६४ मध्ये ३२ अक्षरं. फाइलचं नाव मराठीत असेल तर तेही असंच गुंडाळून येतं. स्क्रिप्टने ते उलगडलं नाही, तर फोल्डरभर नुसता अगम्य अक्षरांचा पसारा!

बाकी काम पायथॉनचं ईमेल मॉड्यूल करतं. तुकड्यांवरून फिरायचं, नाव असलेला तुकडा उचलायचा, नाव उलगडायचं, त्यातला पाथ काढून टाकायचा आणि मेलची तारीख पुढे जोडायची. ही तारीख महत्त्वाची. एकाच नावाचा फोटो पुन्हा आला, तर नवा जुन्यावर गुपचूप बसतो.

यात काय एवढं? आलापल्लीजवळचं सागाचं जुनं जंगल, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली', २०१४ साली राज्याचं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झालं. अशा जागेचे फोटो वर्षावर्षाने शेजारी ठेवून बघायचे असतात. जुनाच पुसला गेला तर नवा कशाशी ताडणार?

आणि हो, फोटो निघाले म्हणून मूळ मेल लगेच उडवू नका. आधी एकेक फाइल उघडून बघा.