प्राचीन संगीत आणि आकाशवाणी

यवतमाळ जिल्ह्यांत फिरतांना एखाद्या गांवाच्या शिवेवर अचानक हेमाडपंती देऊळ दृष्टीस पडतें. चुन्याविना एकावर एक बसविलेले ते काळे दगड यादवकालाची साक्ष देत आजहि उभे आहेत. परंतु त्या मंडपांत त्या काळीं जें गायन झालें असेल, त्याचा एक स्वरहि आज आपणांस ऐकूं येत नाहीं. शिल्पाला काळ झिजवितो. संगीताला तो पुसून टाकतो. असें असतां शेंकडों वर्षांपूर्वींचें संगीत ऐकावयाचें तरी कसें, आणि तें ऐकविण्याच्या कामीं आकाशवाणीचा उपयोग काय झाला, याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युरोपांत या प्रश्नाचें स्वरूप निराळें होतें. तेथें अकराव्या शतकांत गिदो नांवाच्या इटालियन भिक्षूनें रेषांवर स्वर मांडण्याची रीत सुधारली व पुढें ती सर्वत्र रूढ झाली. त्यामुळें पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरांत इ. स. १२०० च्या सुमारास पेरोतँनें रचिलेलें गायन आजहि कागदावर सांपडतें. मात्र कागद राहिला तरी परंपरा तुटली. वाद्यें अडगळींत पडलीं व तीं वाजविण्याची रीतहि विसरली गेली. विसाव्या शतकांत आर्नोल्ड डोलमेच या कारागिरानें तीं पुन्हां घडविलीं आणि १९२५ सालीं इंग्लंडांत हॅझलमिअर येथें जुन्या संगीताचा उत्सव सुरू केला. १९४६ सालीं बी. बी. सी.चा ‘थर्ड प्रोग्रॅम’ सुरू झाल्यावर, बाखच्या पूर्वींचे रचनाकार ज्यांनीं कधीं नांवानेंहि ऐकले नव्हते, अशा घरांतून त्यांचें संगीत पोहोंचूं लागलें.

आपली स्थिति याच्या नेमकी उलट आहे. देवगिरीच्या सिंघण राजाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ रचिला. म्हणजे पेरोतँच्या मागोमाग, आपल्याच मराठी मुलखांत, संगीताचें एवढें मोठें शास्त्र लिहिलें गेलें! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आनंदाश्रमानें तो ग्रंथ छापून काढला. पण त्यांतील शुद्ध सप्तक नेमकें कोणतें, याविषयीं पंडितांचें आजहि एकमत नाहीं. म्हणून त्यांतील स्वराक्षरें वाचतां आलीं तरी गातां येतील अशी खात्री देतां येत नाहीं. तेथें ग्रंथ आहे पण कंठ नाहीं. येथें कंठ आहे, पण ग्रंथाशीं त्याची गांठ पडत नाहीं.

या कंठाचें वय किती, हेंहि पाहण्याजोगें आहे. ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराच्या दरबारीं ध्रुपदाला बहर आला तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस. तानसेन आणि रोमचा पालेस्त्रिना हे समकालीन. दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारीं सदारंगानें ख्याल रचिले, त्याच वेळीं लाइप्झिग येथें बाख आपलीं भजनें रचीत होता. म्हणून सदारंगाची चीज गाणारा गवई आपल्या दृष्टीनें नेहमींचाच असला, तरी काळाच्या हिशेबानें तो बाखच्या काळचें संगीत गात असतो. गुरूच्या मुखांतून शिष्याच्या मुखांत येतांना त्या चिजेंत बदल झाले असतील, नव्हे झालेच असतील. पण धागा तुटलेला नाहीं.

हा धागा आकाशवाणीनें घरोघर नेला. १९४८ सालच्या जुलैंत नागपूर केंद्र सुरू झालें, तेव्हां यवतमाळाच्या वाड्यांतून छपरावर तार ताणून नागपूर ऐकण्याचा प्रघात पडला. पूर्वीं मोठा गवई ऐकावयाचा म्हणजे नागपूर, पुणें किंवा मुंबई गांठावी लागे. १९५२ सालीं, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी मंत्री झाले त्याच वर्षीं, संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. आणि डागर बंधूंचें ध्रुपद कापसाच्या या मुलखांत एखाद्या शिक्षकाच्या किंवा वकिलाच्या ओसरीवर ऐकूं येऊं लागलें. पुढें यवतमाळालाहि स्वतःचें केंद्र लाभलें. आम्हीं हें सर्व ऐकलें, वाहवा केली. परंतु ऐकतों तें किती शतकांचें आहे, हा प्रश्न आम्हांपैकीं फार थोड्यांनीं विचारला. दोष असेल तर तो श्रोत्यांचा आहे.

दरबारी गायनाची ही कथा झाली. घरच्या गाण्याचें काय? याच वऱ्हाडांत, ऋद्धिपूर येथें, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महदंबेनें गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगीं धवळे गाइले. पोथींत शब्द राहिले. चाल लिहिली गेली नाहीं. गोमांतकांत फादर स्टीफन्सनें मराठी ओव्यांत रचिलेलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें व तें तेथील देवळांतून गाइलें जात असे. त्याचीहि हीच गत. जात्यावरच्या ओव्यांची चाल तर आमच्या डोळ्यांदेखत लोपत आहे, कारण घरोघरचीं जातीं बंद झालीं आणि ओवीला निमित्त उरलें नाहीं.

महदंबेच्या काळीं स्वर धरून ठेवण्याचें साधन नव्हतें. आज तें प्रत्येकाच्या हातांतल्या मोबाइलांत आहे. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रीला लग्नाचीं, दळणाचीं, पाळण्याचीं गाणीं ठाऊक असतील, तर तीं तिच्याच आवाजांत नोंदून ठेवावींत; सोबत गांवाचें नांव, वर्ष आणि गाण्याचा प्रसंगहि लिहावा. ध्रुपदाला राजदरबार मिळाला, पुढें आकाशवाणीहि मिळाली. या गाण्यांना घरावांचून दुसरा आश्रय नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, एवढीच आमची विनंती आहे.