आखूड दांडा, वाकलेली कंबर

निंदणीचे दिवस आले की गटाच्या बैठकीत आपण म्हणतो, "कंबर दुखायचीच, बाईच्या नशिबी ते आलंच." पण दुखणं नशिबाचं नसून अवजाराचंही असतं. हे अमेरिकेतल्या शेतमजुरांनी कोर्टात दाखवून दिलं.

तिथल्या कॅलिफोर्निया राज्यात मेक्सिकन मजूर बिटाच्या आणि पालेभाज्यांच्या शेतात विरळणी-खुरपणी करत. हातात आखूड दांड्याची कुदळ. तिला ते 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे 'आखुडी'. दिवसभर कमरेत वाकायचं. कुणी ताठ उभं दिसलं की मुकादमाला लगेच कळे, याचं काम थांबलंय. मालक सांगत, लांब दांड्याने पीक खराब होईल.

मजुरांनी सरकारकडे बंदी मागितली, ती नाकारली गेली. मग ते कोर्टात गेले. सतत वाकून पाठीला कायमची इजा होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी आखुडीवर बंदी आली. पीक लांब दांड्यानेही आलंच!

आपलं खुरपंही आपल्याला वाकवतंच. म्हणून जमेल तिथे गटातून एक सायकल कोळपं घेऊ, आळीपाळीने वापरू. खुरपताना मधूनमधून उभं राहून कंबर मोकळी करू. दुखलं म्हणून अंथरूण धरायचं नाही, झेपेल तेवढं चालत राहायचं. मात्र पायातली ताकद गेली, किंवा लघवी-शौचावर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.