काडतुसाची निवड

तेल्हाऱ्याच्या कुठल्याही वावरात उभे राहून उत्तरेकडे पाहा. काळ्या जमिनीच्या टोकाला सातपुड्याची निळसर ओळ दिसते. त्या डोंगरातून वान नदी खाली येते आणि तिच्याच काठाने रानडुक्कर आणि रोहीही खाली येतात. हरभरा, ज्वारी, भुईमूग काहीही पेरा, पीक हाताशी आले की कास्तकार जागलीला जातो. हातात गोफण, कंदील, रिकामा पिपा. आणि एखाद्या घरी बंदूक. आज या बंदुकीविषयी, म्हणजे खरे तर तिच्या पोटात बसणाऱ्या काडतुसाविषयी, चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

समजा, तुमच्या घरी आजोबांच्या वेळची एक रायफल आहे, परवान्यावर रीतसर चढविलेली. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर उडते, वर ढकलली की नवे आत बसते. हीच ती लिव्हरची रायफल. अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने ती जगभर पोहोचविली. परंतु तिची काडतुसे आता मिळत नाहीत. तेव्हा मनात येते, हिचे घर थोडे कोरून दुसरे काडतूस बसवता येईल का? आणि बसवायचे तर कोणते?

कारागिराला विचाराल तर तो आधी चार गोष्टी पाहील. पहिली, भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही. म्हणून नवे काडतूस जुन्याच्या घरापेक्षा सगळीकडून मोठे हवे, नाही तर नळीच बदलावी लागते. दुसरी, १८९४ च्या विंचेस्टरसारख्या रायफलीत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकते. टोकदार गोळी घातली तर धक्क्याने टोपी उडू शकते, म्हणून तेथे चपट्या तोंडाचीच गोळी चालते. तिसरी गोष्ट लांबीची. कडी जेवढी मागे नेते, तेवढेच लांब काडतूस आत जाते. चौथी सर्वांत महत्त्वाची. जुने पोलाद काळ्या दारूच्या दाबासाठी घडविलेले असेल आणि तुम्ही बिनधुराच्या दारूचे काडतूस भराल, तर जनावराआधी बंदूकवालाच जायचा!

नळकांड्याची अडचण जॉन ब्राउनिंगने १८९५ च्या नमुन्यात सोडविली. त्याने काडतुसे खाली पेटीत, एकावर एक ठेवली. त्यामुळे टोकदार गोळी चालू लागली. याच रायफलीसाठी १९०४ साली ४०५ नंबरचे जाड काडतूस निघाले. त्याची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा हीच रायफल त्यांच्यासोबत होती.

तिकडे निवड अशी होती. शिकारी म्हणे, मला सिंह मारायचा आहे, मला हे काडतूस द्या. आपल्या सातपुड्यातही एके काळी असा मोकळा विचार झाला, पण तो साहेबांनी केला. कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६० च्या दशकात मध्य प्रांताची जंगले पाहत हिंडला. त्याचे त्या डोंगरांवरचे पुस्तक १८७१ साली निघाले. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयावर त्याने त्याआधी एक वेगळे पुस्तक लिहिले होते. जाड, गोल गोळी आणि भरपूर दारू, असे त्याचे मत. गोळी कशी असावी यावर पुस्तक लिहिण्याइतकी मोकळीक त्याला होती.

आणि खालच्या गावातला माणूस? त्याच्यासाठी १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट होती. हा वर्णभेद १९२० च्या नियमांपर्यंत टिकला. परवाना मिळालाच तर गावकऱ्याच्या वाट्याला बहुधा ठासणीची बंदूक येई. तिला काडतूसच नसते, म्हणून निवडीचाही प्रश्न नसतो.

पुढची गोष्ट मोठी मजेशीर आहे. सरकारी मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ४५० बोअरची होती. तिलाही चापामागे कडीच असे, मात्र एका वेळी एकच काडतूस भरावे लागे. या रायफली बंडखोरांच्या हाती पडल्या आणि गोळ्याही बाजारात मिळाल्या तर? या भीतीने १९०७ च्या सुमारास सरकारने ४५० बोअरची शिकारी हत्यारे हिंदुस्थानात आणण्यावर बंदी घातली. त्याबरोबर विलायतेतील बंदूकवाल्यांनी हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठी ४६५, ४७०, ४७५ असे नवे आकडे पुढे केले. वाघ तोच, जंगल तेच. आकडा मात्र कायद्याने बदलला.

तसेच ३०३ चे. ते फौजेचे काडतूस, म्हणून सामान्य माणसाला मना. मग बी.एस.ए. कंपनीने ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी काडतुसाला धरून ८ मिलिमीटरची शिकारी रायफल हिंदुस्थानात विकली. तेच आपले ३१५ बोअर. स्वातंत्र्यानंतरही हा आकडा राहिला. रायफल इशापूरच्या कारखान्यात आणि काडतूस आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होऊ लागले. खडकीचा हा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

पहारेकऱ्याच्या बाबतीत तर इशापूरने उलटाच कारभार केला. ३०३ ची लष्करी रायफल घेतली, नळीतल्या आट्या कोरून टाकल्या, ४१० बोअरचे गुळगुळीत भोक केले आणि ती पोलीस व पहारेकऱ्यांच्या हाती दिली. काडतूस ३०३ च्याच पितळेचे, पण मान न आवळलेले. हत्यार मुद्दाम दुबळे करण्यासाठी घर बदलल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

आता आपल्या कपाटातल्या रायफलीकडे परत येऊ. ती १८९५ च्या नमुन्याची आणि ३०३ ची आहे असे धरा. देशात मिळणारे काडतूस ३१५ चे. नळी अरुंद आहे, ती कोरता येईल असे वाटते. पण ३०३ चे घर ५६ मिलिमीटर लांब आणि ३१५ चे काडतूस ५० मिलिमीटरचे. पुढे सहा मिलिमीटरची पोकळी राहते. ४०५ ची असेल तर नळी आधीच जास्त रुंद. म्हणजे दोन्हीकडून उत्तर एकच, नळी नवी हवी. आणि १८९४ ची नळकांड्याची रायफल असेल, तर ३१५ चे लांब, जाड काडतूस तिच्यात मावतच नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याने, जो १९६२ पासून अंमलात आला, हत्याराचे रूपांतर परवानाधारक कारागिराशिवाय कोणालाही करता येत नाही. परवान्यावरचा आकडाही बदलून घ्यावा लागतो.

एवढे करून मारायचे काय? १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७४ च्या सुमारास मेळघाट व्याघ्रप्रकल्प उभा राहिला, १९९७ साली वान अभयारण्य झाले. हे चांगलेच झाले. सातपुड्यात वाघ उरला तो यामुळे. परंतु पिकात आलेल्या रानडुकरालाही वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही, आणि जागलीवरच्या माणसाची रात्र अजून तितकीच लांब आहे. त्याचा प्रश्न नव्या काडतुसाने सुटणारा नाही. तो कुंपणाने, वेळेवर मिळणाऱ्या नुकसानभरपाईने आणि लवकर मिळणाऱ्या परवानगीने सुटेल.

म्हणून वाचकहो, जुन्या रायफलीला नवे काडतूस शोधण्याआधी तिच्या नळीवर कोरलेला आकडा एकदा नीट वाचा. तुमच्या आजोबांनी तो निवडला असे समजू नका. फार तर तो त्यांना निवडू दिला गेला होता.