जड धातूंचा इतिहास कोठे शोधावा? : रोह्याची कुंडलिका आणि पेणचा जिताडा

नदीतील विषाचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक प्रथम मेलेल्या माशांच्या बातम्यांकडे वळतो. ही वाट फसवी आहे. एका रात्रीत मासे तरंगू लागतात ते बहुधा पाण्यातील प्राणवायू संपल्यामुळे किंवा आम्लाचा लोंढा आल्यामुळे. जड धातूंचे कार्य संथ असते आणि ते बातमी मागे ठेवीत नाही.

कुंडलिकेचे आजचे भर उन्हाळ्यातील वाहणेही अर्वाचीनच. मुळशीचे पाणी पूर्वी मुळा-भीमेतून बंगालच्या उपसागराकडे जाई. १९२७ पासून ते भिऱ्याच्या वीजगृहातून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरू लागले. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व पुढे रोह्यानजीक धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. न आटणारी नदी हे या निवडीचे एक कारण असावे, असे माझे अनुमान आहे. जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये, केंद्राच्या पाच वर्षे आधी केला. तरीही केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत कुंडलिका आहेच. पण ती यादीही सेंद्रिय मळाला लागणाऱ्या प्राणवायूच्या मापावर केलेली. धातूंविषयी ती मूक आहे.

गोडे पाणी खाऱ्यास मिळते तेथे बारीक माती गोळा होऊन तळाशी बसते आणि तिला चिकटलेले धातूही तिच्यासह बसतात. निवटी त्याच चिखलात राहते, बोईट त्यातच चरते. तांबे व जस्त अधिक झाले की कल्ल्यांची नाजूक त्वचा बिघडते. मग पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. कॅडमियम यकृतात व मूत्रपिंडात साठते, शिसे हाडांत. मासा लगेच मरत नाही. त्याची वाढ खुंटते, वीण घटते. पारा मात्र मांसात उतरतो आणि खाणाऱ्यागणिक वाढत जातो. जपानातील मिनामाता येथे १९५६ साली हे माणसांच्या देहावर दिसले. मासे खाऊन वर्षानुवर्षे वाढणारा जिताडा या शिडीच्या वरच्या पायरीवर आहे, आणि ज्या घराचे रोजचे कालवण खाडीवर चालते ते त्याच्याही वर.

जिताडा पेणच्या खारपट्टीत तळ्यांतूनही वाढवितात. पेणची भोगावती कुंडलिकेस मिळत नाही. पण मूर्तिकारांच्या या गावी धातूंची दुसरी ओळख आठवते. शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा. मराठीने हे धातू रंग म्हणून ओळखले, वैद्यांनी औषध म्हणून. (मूर्तींवरील विषारी रंगांना मनाई करणारी केंद्रीय मंडळाची सुधारित सूचना २०२० ची.) ‘मासे मेले’ हे सारेच म्हणतात, माशाच्या अंगी शिसे मुरल्याचे सांगणारा रूढ शब्दप्रयोग मला आढळला नाही.

तेव्हा दप्तर सोडून गाळाकडे वळावे लागते. न ढवळलेल्या जागी तो थराथराने काढल्यास धाटावपूर्वीचा व नंतरचा काळ शेजारी ठेवून वाचता येईल. मात्र रेतीसाठी खाडीचा तळ उपसला की हे थर एकमेकांत मिसळून जातात.