उजेडाचा कोन

दिवाळीच्या चार दिवस आधी नायगावच्या बी. डी. डी. चाळीत कंदिलांची धांदल सुरू व्हायची. माझ्या आजीचा सारा संसार त्या चाळीत झाला. एका मजल्यावर वीस बिऱ्हाडे, दहा या अंगाला, दहा त्या अंगाला, आणि मधून लांबच लांब पॅसेज. त्या पॅसेजला उजेड यायचा तो दोन टोकांकडून. मध्यावर भर दुपारीसुद्धा माणूस अंदाजाने ओळखावा लागे. पण दिवाळीत दारोदार कंदील लागले की सारा पॅसेज देवळाच्या सभामंडपासारखा उजळून निघे. आम्ही नातवंडे सुट्टीत तिथे जात असू. कंदील खोलीत का लावत नाही, असे मी एकदा आजीला विचारले. ती म्हणाली, "आत लावला तर उभं कुठं राहशील? डोकं आपटेल मेल्या!"

ती खोली १६० चौरस फुटांची होती. मोरी, चूल, देव, कॉट आणि नऊ माणसे. ती कोणी बांधली, कशासाठी बांधली, आणि १६० फूट हा हिशेब कोणाच्या डोक्यातून निघाला, हे आजीने कधी विचारले नाही. मीही नाही. पुढे शाळेत मास्तर झाल्यावर मुलांना 'आपले शहर' शिकवण्याची पाळी आली, तेव्हा मी ते शोधू लागलो. आणि शोधता शोधता एका उंदरापाशी जाऊन पोचलो.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या गर्दीत, माणसे तापाने फणफणून, काखेत-जांघेत गाठ येऊन मरू लागली. हा प्लेग आहे, असे ठामपणे प्रथम सांगितले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. १८९१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. १८९७ चे पहिले महिने उलटेपर्यंत त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे बोटीने, आगगाडीने, पायी, जमेल तशी गावाकडे पळाली.

सरकारची आणि म्युनिसिपालिटीची तेव्हा समजूत अशी की, हा रोग घाणीतून, कोंदट हवेतून आणि अंधारातून उपजतो. मग समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड यांनी गटारे धुण्यात आली. भिंतींना चुना फासला. खोल्यांत ऊन पडावे म्हणून छपरांवरची कौले उतरवली. जे घर राहण्यास नालायक ठरले, त्याच्या भिंतीवर 'यू. एच. एच.' अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवत. आत राहणाऱ्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती, पण अर्थ सगळ्यांना कळला होता.

मौज अशी की, हे निदान चुकले होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच यर्सिनने हाँगकाँगला शोधला होता, आणि तो उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीला दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे कौले काढल्याने प्लेग काही हटणार नव्हता. परंतु चुकीच्या निदानातून एक गोष्ट मात्र बरोबर निघाली: अंधाऱ्या, कोंडलेल्या खोल्यांत माणसांना राहायला लागू नये, ही जबाबदारी कोणातरी सार्वजनिक संस्थेची आहे. तोवर घर ही ज्याची त्याची खाजगी बाब होती. गिरणीमालक गिरणी बांधी, घरमालक चाळ बांधी, मजूर भाडे भरी. सरकार मध्ये कोठेच नव्हते.

ही संस्था म्हणजे १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. नमुना ग्लासगो शहराचा होता. ट्रस्टने नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडायला घेतल्या आणि जुन्या शहराच्या पोटातून समुद्राची हवा आत यावी म्हणून रुंद रस्ते चिरत नेले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे मोहम्मद अली रोड, ही सगळी त्याच सुरीची कामे. आज त्या रस्त्यांवरून बसने जाताना उघडी हवा लागते खरी. पण त्या डांबराखाली कोणाकोणाची उंबरठ्याची लाकडे गेली, याचा हिशेब रस्त्याच्या पाटीवर नसतो.

तो हिशेब घरमालकांच्या बाजूने मात्र चोख होता. पाडायच्या घराची भरपाई मुख्यतः त्याच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरे. आता ज्या घरात माणसे मेंढरांसारखी कोंबलेली, त्याचे भाडे जास्त. भाडे जास्त म्हणून किंमत जास्त. म्हणजे ज्या मालकाचे घर सगळ्यांत वाईट, त्यालाच भरपाईही मोठी! भाडेकरूच्या हातात काय पडे? नोटीस. तो शेजारच्या गल्लीत जाई, तिथल्या आधीच भरलेल्या खोलीत आणखी चार माणसे वाढत, तिथले भाडे चढे, आणि काही वर्षांनी ट्रस्टच्या नकाशावर तीही गल्ली 'दाट वस्ती' म्हणून रंगवली जाई. ट्रस्टने आपल्या उमेदीच्या वीस वर्षांत चाळीही बांधल्या, परंतु पाडलेल्या खोल्यांची संख्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा जास्तच राहिली. १९११ च्या खानेसुमारीत शहरातली शेकडा ६९ माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असलेली आढळली.

ट्रस्टची माणसे निर्दय होती असे मात्र मला वाटत नाही. जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष होते. त्यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले. त्यांचा सारा भर एका कोनावर होता: साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर पाहिले असता आकाश दिसले पाहिजे. समोरची इमारत मध्ये येता कामा नये. मी हे वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगतो. हिशेब सोपा आहे. समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल, तर दोहोंच्या मध्ये वीस फूट जागा मोकळी हवी. उंचीच्या निम्मी. एका मुलाने घरी जाऊन दोरीने मोजले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले, "सर, आमच्याकडे चार फूट आहे." मी आकृती पुसून टाकली.

या कोनाला धरून ट्रस्टने ज्या चाळी बांधल्या, त्या 'बी. आय. टी. चाळी' म्हणून मुंबईला परिचित आहेत. खोल्या लहान, संडास सामायिक, पण दोन चाळींमध्ये अंतर आणि खिडकीत आकाशाचा तुकडा. परळच्या अशाच एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, समोरासमोरच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहत असत. मधली परदेशातल्या शिक्षणाची वर्षे वगळली, तरी हा काळ मोठा होतो. त्याआधीचे त्यांचे बिऱ्हाड लोअर परळच्या डबक चाळीत होते. त्या एका खोलीत सारे कुटुंब; म्हणून मुलगा संध्याकाळीच झोपे, वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून आपण आडवे होत, आणि रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास चाले. परळला खोल्या झाल्या दोन. एकीत संसार, दुसरीत पुस्तके आणि भेटायला येणारी माणसे. जवळच दामोदर हॉल. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगची वाचनालये आणि रात्रीच्या शाळा याच मुलखात चालत. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिचे कार्यालयही दामोदर हॉलमध्येच होते. ट्रस्टने नकाशावर फक्त खोल्या काढल्या होत्या. बाकीचे माणसांनी भरले.

पुढे बाबासाहेबांनी घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, 'राजगृह', मुख्यतः पुस्तकांसाठी. आणि ही कॉलनीसुद्धा ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेतली! एकाच संस्थेने एका हाताने परळची चाळ बांधली आणि दुसऱ्या हाताने, सखल शेते आणि खाजण भरून, झाडांचे रस्ते आणि बागा असलेले हे उपनगर आखले. मूळ बेत असा की, शहरातली दाटी तिकडे सरकेल. प्रत्यक्षात तिकडे गेली कोण? कारकून, वकील, डॉक्टर, शिक्षक. मराठी, गुजराती, मद्रासी, पारशी. नागपाड्यातून उठवलेला हमाल तिकडे गेला नाही. त्याला कामाच्या जागेपासून लांब जाणे परवडत नव्हते, आणि तिथले भाडेही परवडत नव्हते. या भागातल्या इमारतींतूनच 'ब्लॉक' हा शब्द आपल्या मध्यमवर्गाच्या तोंडी रुळला. ब्लॉक म्हणजे संडास घरात! आपल्या कित्येक कथा-कादंबऱ्यांतल्या नायिकांनी चाळीच्या कठड्याला रेलून या एका शब्दाची स्वप्ने पाहिली आहेत. माझ्याही दोन नायिका त्यांत आहेत.

परळच्या चाळीतून हिंदू कॉलनीपर्यंतचे अंतर पायी पाऊण तासाचे. ते तोडायला डॉक्टरेट मिळवलेल्या बॅरिस्टरला वीस-बावीस वर्षे लागली. इतरांची गोष्ट काय सांगावी?

आता आजीच्या खोलीकडे येतो. पहिले महायुद्ध संपले, भाडी कडाडली, १९१९ आणि १९२० मध्ये गिरण्यांत मोठे संप झाले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले. तेच बी. डी. डी. संकल्प ५०,००० खोल्यांचा. पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसला. नायगाव, वरळी, डिलाइल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी तळमजल्यावर तीन मजले असलेल्या, प्रत्येकी ८० खोल्यांच्या सिमेंटच्या चाळी उठू लागल्या. शेवटी चाळी झाल्या २०७, खोल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. संकल्पाचा तिसरा हिस्सा.

आणि गंमत पाहा, एवढी टंचाई असताना त्या खोल्या भरेनात! भाडे मजुराच्या आवाक्याबाहेर. सिमेंट उन्हाळ्यात तापे. वरळी तेव्हा गावाबाहेर, गिरणीचा भोंगा गाठायचा तर अंधारात निघायला हवे. रिकाम्या चाळींचा सरकारला एक उपयोग मात्र सापडला: सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. मजुरासाठी बांधलेल्या खोलीत प्रथम सत्याग्रही राहिला.

माझी आजी लग्न होऊन नायगावात आली ती १९४० नंतरच्या काळात. तोवर चाळी भरून वाहू लागल्या होत्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने शहरातली जुनी भाडी जागच्या जागी थिजवली, तेव्हा एकदा मिळालेली खोली सोडणे म्हणजे वेडेपणाच ठरला. मुले झाली, सुना आल्या. खोली तेवढीच राहिली. रात्री जेवणे आटोपली की पुरुष पॅसेजमध्ये किंवा खाली पटांगणात झोपायला जात. कोणी किती जागा घ्यायची, हे चटईवरून ठरे. एक चटई, एक माणूस. पाहुणा आला तर एका चटईत दोघे. भांडणे होत नसत असे नाही. आजीच्या आणि समोरच्या बाईंच्या एका चटईवरून झालेल्या अबोल्याला मी स्वतः साक्षीदार आहे.

म्हणूनच नगररचनेची मराठी परिभाषा प्रथम वाचली, तेव्हा मी चमकलो. नगररचनेचे कायदे आपल्याकडे नवे नाहीत. १९१५ चा मुंबईचा कायदा हा देशातला पहिला. शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, रस्त्यासाठी आणि बागेसाठी जमीन काढून घ्यायची, उरलेली चौकोनी करून ज्याची त्याला द्यायची, ही त्यातली युक्ती. पुढे १९५४ आणि १९६६ चे कायदे आले, साऱ्या शहराचा विकास आराखडा करणे नगरपालिकांना भाग पडले. कोठे घरे, कोठे कारखाने, कोठे शाळा, हे रंगांनी ठरू लागले. आणि जमिनीच्या मानाने किती बांधकाम करता येईल, याचे जे प्रमाण मुंबईत १९६४ पासून लागू झाले, त्याला आपल्या सरकारी मराठीने नाव दिले 'चटई क्षेत्र निर्देशांक'. ज्या कोणी भाषांतरकाराने हा शब्द काढला, तो नक्कीच चाळीत वाढला असावा. ऑरसाहेबांचे शहर कोनात मोजले जाई, आमचे चटईत. आज बिल्डर, पुढारी आणि वर्तमानपत्रे ज्या शब्दावरून दिवसरात्र भांडतात, तो शब्द आजीच्या पॅसेजमध्ये रात्री अंथरला जात असे.

बी. डी. डी. चाळी आता उतरू लागल्या आहेत. वरळीच्या पुनर्विकासाचा शुभारंभ ऑगस्ट २०२१ मध्ये झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच मनोऱ्यांतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. या वेळी भाडेकरू दुसऱ्या गल्लीत गेला नाही. त्याच जागी, मालक म्हणून, वर चढला. ट्रस्टला जे साधले नव्हते ते सव्वाशे वर्षांनी साधले, हे मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे. दोन मनोऱ्यांमधला कोन किती अंशांचा भरतो, ते मात्र एकदा मोजून पाहायचे आहे.

आमच्या नात्यातल्या एक वहिनी तिथे राहायला गेल्या. मी घर पाहायला गेलो. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, संडास घरात. वहिनी हात धरून एकेक दार उघडून दाखवत होत्या. मग बाहेरच्या बाजूला, लिफ्टसमोर, बंद दारांकडे पाहत त्या म्हणाल्या, "भावजी, कंदील कुठं लावायचा, तेच कळत नाहीये." शेवटी तो आम्ही खिडकीच्या गजाला बांधला. खाली उतरून मान वर करून पाहिले, तर इतक्या उंचावर कुठला आपला, ते ओळखता येईना.